दोन ते चार

घाला, मस्कत. शुक्रवार. खोली क्रमांक सात.
दोन ते चार ती आमची.
आधी तमिळ मंडळी, नंतर इथिओपियाची.
चाराला पाच कमी असताना
त्यांचे ढोल दाराबाहेर हळूच घसा साफ करतात
आणि माझा आशीर्वाद आपोआप आखूड होतो.

रविवार ते गुरुवार मी स्टोअरकीपर:
कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप, फिल्टर मोजतो.
शुक्रवारी माणसं मोजायचो. तशीच.
एकसष्ट. अठ्ठावन्न. नाताळाला एकशे चार.
आकडा गावाकडच्या कचेरीला कळवायचो,
खाली लिहायचो: मंडळी वाढते आहे.

वाढत होतीच. खोलीच्या मधोमध एक वाटही वाढत होती,
डावीकडे जालना, उजवीकडे नगर,
कारण कापणीच्या सणाचे त्रेचाळीस रियाल, सहाशे बैसा
यशोदीप पारखेच्या वहीत होते आणि डब्यात नव्हते.
मटण जास्तीचं आणलं होतं, पावती हरवली होती,
एवढंच असावं.
पण शांतवन उजागरेनं त्या दिवसापासून पेटी उघडली नाही.
आणि मी, पाळक, काय केलं?
माइकचा आवाज वाढवला.
सलग पाच शुक्रवार प्रीतीवर बोललो,
पारखेच्या दारात एकदाही गेलो नाही.

मग जूनमध्ये एसी बंद पडला.
'पाळक एसीच्या कंपनीत आणि मेंढरं घामात!'
कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं
ते वाटेच्या दोन्ही बाजूंना.

खुर्च्या उचलून बाहेर आलो.
कंपाउंडच्या भिंतीपाशी हातभर सावली,
एका खुर्चीइतकी रुंद, साठ माणसांइतकी लांब.
तिनंच आम्हाला बसवलं:
भिंतीला पाठ, गुडघे आत, एकच रांग,
नगर कुठे संपलं न् जालना कुठे लागलं
ते बघायला कुणाला उन्हात जायचं नव्हतं.
पुढची रांग नाही, मागची नाही.
व्यासपीठाची जागा होती ती सगळी उन्हात.
दोन मिनिटं उभा राहिलो, टाळू तापली,
मग टोकाच्या खुर्चीवर बसलो,
एरवी सगळ्यात मागे बसणाऱ्या बाईशेजारी.

सात महिने ती यायची, एकाआड एक शुक्रवार,
अल खौडच्या एका घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळून.
आकड्यात होती.
विचारलं, ताई, नाव काय आपलं?

'सुवार्ता,' ती म्हणाली. 'सुवार्ता आल्हाट, बदनापूर.'

सात महिने मी हाच शब्द माइकवरून ओरडत होतो.
दर वेळी तिनं मान वर केली असेल.

'फेब्रुवारीत आई गेली. जाता आलं नाही.
तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही चारच्या घाईत असता.'

उपदेशाचा कागद घामानं हातात भिजला होता.
म्हणालो, आईचं नाव?
सखूबाई.
मी ते शेजारच्या पोराला सांगितलं, त्यानं पुढे,
पाण्याच्या बाटलीसारखं ते नाव हातोहात गेलं,
दुसऱ्या टोकाला पोचलं तेव्हा
उजागरे काहीतरी गुणगुणायला लागला,
पेटीवाचून, जरा बेसूरच.
पारखे त्याच्या दोन खुर्च्या अलीकडे. त्यानं सूर धरला नाही.
पण उठूनही गेला नाही.

तीनला सावली दोन खुर्च्यांची झाली.
लोक दुसरी रांग मांडू लागले.
नको म्हणणार होतो;
मग म्हणालो, आधी मुलांना घ्या आत.

कपॅसिटर उडाला होता, दीड रियालचा.
शनिवारी मीच बसवून आलो.
पावती अजून सापडलेली नाही.
पारखेकडे दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा त्यानं चहा केला.

त्या शुक्रवारचा आकडा मी कळवला नाही.
वहीत त्या तारखेपुढे एवढंच आहे:
सखूबाई आल्हाट, बदनापूर, फेब्रुवारी.